धुऊन गेलेली नीळ

नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळी फार होतात. ओयो राज्यातलं इग्बो-ओरा हे गाव तर जुळ्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. १९७०च्या दशकातल्या पाहणीत त्या भागात हजार जन्मांमागे ४५ ते ५० जुळी आढळली होती. जुळी पोरं वजनाला कमी भरतात, त्यातली बरीचशी पूर्वी लहानपणीच जायची. एक गेलं की घरावर मोठी काळजी यायची, कारण जुळ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला, गेलेलं राहिलेल्याला ओढून नेईल अशी तिकडची समजूत. मग आईबाप बाबालावोकडे, म्हणजे इफाचा कौल लावणाऱ्या जाणत्याकडे जायचे. कौल मिळाला की लाकूड कोरणाऱ्याला बोलावणं जायचं. तो झाडाची परवानगी मागून, नैवेद्य ठेवून लाकूड तोडायचा आणि वीतभर उंचीची मूर्ती घडवायचा. तिला एरे इबेजी म्हणतात.

मूल तान्हं असताना गेलेलं असलं तरी मूर्ती मोठ्या माणसाची असते. भरलेली छाती, लांब हात, कमरेला टेकलेले तळवे, गालावर त्या कुळाच्या खुणा, आणि अंगाच्या मानाने फार मोठं डोकं. योरुबांच्या मते माणसाचं नशीब डोक्यात असतं, म्हणून कोरणारा डोक्याला सगळ्यात जास्त लाकूड देतो. मूर्ती घरी आली की आई तिला राहिलेल्या पोराच्या बरोबरीने वाढवते. न्हाऊ घालते, ओसुन नावाची तांबडी लाकडी भुकटी अंगाला चोळते, केसांच्या खाचांत नीळ भरते, शिजवलेल्या चवळीचा घास ओठांना लावते, लुगड्यात पाठीशी बांधून बाजाराला नेते, रात्री निजवते. वर्षानुवर्षं असं केलं की नाक झिजतं, ओठ झिजतात, डोळ्यांची कड बोथट होते. शेवटी चेहरा जवळजवळ सपाट होतो.

अशी एक मूर्ती मुरबाड तालुक्यातल्या म्हशाजवळच्या आमच्या घरात आहे. तिच्याशी मी जे वागलो ते लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं.

नव्वदच्या दशकात मी लागोसच्या इकेजा भागातल्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीवर होतो. मुरबाडहून गेलेला डिप्लोमावाला मुलगा. तिथे बरीच भारतीय मंडळी होती, आणि सुट्टीला घरी निघताना प्रत्येकाच्या बॅगेत एखादा लाकडी मुखवटा किंवा हत्ती असायचाच. हौसा लोकांतले व्यापारी गाठोडं घेऊन क्वार्टर्सच्या फाटकाशी यायचे. चादर पसरायची, तिच्यावर माल मांडायचा आणि आपण किंमत विचारेपर्यंत गप्प बसायचं, ही त्यांची पद्धत. एका रविवारी अशा चादरीवर नव्या, चकचकीत, काळ्या पॉलिशच्या मूर्तींच्या गर्दीत दोन लहान मूर्ती एकत्र बांधून ठेवलेल्या दिसल्या. कमरेला एकच दोरा, त्यात ओवलेल्या कवड्या. दोघांचेही चेहरे झिजलेले.

जुनं ते महाग आणि महाग ते चांगलं, एवढंच मला तेव्हा कळत होतं. या जुन्या आहेत हे ओळखलं आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. व्यापारी दोन्हींची मिळून किंमत सांगत होता. मला एकच हवी होती. पैशांची अडचण नव्हती. दुसरी घेऊन करायचं काय, असं वाटलं, बस. मी एकीवर अडून बसलो. तो म्हणाला, ही दोन एकत्रच राहतात. मी उठून निघाल्यासारखं केलं. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून ब्लेड काढून दोरा कापला. कवड्या निम्म्या माझ्या मूर्तीला गुंडाळल्या, निम्म्या दुसरीला.

उठून निघाल्यासारखं करणं मी म्हशाच्या जत्रेत शिकलो होतो. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिचा बैलबाजार लांब लांबपर्यंत नावाजलेला. वडिलांबरोबर मी लहानपणापासून जायचो. टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून ठरणारे सौदे पाहिले होते. पण त्याच बाजारात वडिलांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: एकत्र वाढलेली, एका जुवाला लागलेली बैलजोडी फोडून घेऊ नये. एकटा आणलेला बैल दावणीला नीट खात नाही, आणि मागे राहिलेला तिकडे हंबरत बसतो. हे मला तोंडपाठ होतं. लागोसच्या त्या चादरीपाशी ते आठवलं नाही, कारण समोर लाकूड आहे असं मी धरून चाललो होतो.

मूर्ती खोलीवर आणली तेव्हा ती मला मळकी वाटली. अंगभर तांबूस चिकट थर, केसांच्या खाचांत निळं काहीतरी बसलेलं, तोंडापाशी वाळलेल्या अन्नासारखी खपली. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि दात घासायच्या ब्रशने ती घासायला बसलो. पाणी आधी तांबडं झालं, मग जांभळट. केसांतलं निळं निघेना म्हणून टाचणीने खाचा कोरल्या. ती नीळ होती. कपड्यांची नीळ. पांढऱ्या धोतराला आई लावायची ती. पूर्वी तिकडे झाडपाल्याची नीळ भरत, नंतर बाजारात रेकिट कंपनीची नीळ मिळू लागली तशी बायका ती वापरू लागल्या. आपल्याकडे रॉबिन नीळ विकणारी तीच कंपनी. तो वास मला ओळखीचा वाटलाही होता. तरी हात थांबला नाही. कुणीतरी पोराने खेळताना रंगवली असेल, असं म्हणून मी उरलेली नीळही काढली. मूर्ती वाळल्यावर कारखान्याच्या रंगखात्यातून वार्निश आणून दोन हात मारले. लाकडाच्या रेषा उठून दिसू लागल्या. क्वार्टर्समधल्या मित्रांनी कौतुक केलं.

पुढे काही महिन्यांनी लागोस बेटावरच्या ओनिकान भागातलं राष्ट्रीय संग्रहालय पाहायला गेलो. केनेथ मरे नावाच्या इंग्रज चित्रकला शिक्षकाने आयुष्य खर्चून वस्तू गोळा केल्या, सरकारच्या मागे लागला आणि १९५७ साली हे संग्रहालय उघडलं. तिथे काचेमागे इबेजी होत्या. तांबड्या, निळ्या केसांच्या, झिजलेल्या तोंडाच्या, मी धुण्याआधी माझी होती तशाच. तिथल्या एका वयस्क योरुबा गृहस्थांना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की माझ्याकडेही एक आहे आणि मी ती स्वच्छ करून ठेवली आहे. त्यांनी आवाज न चढवता मला सगळं समजावलं. पहिल्यांदा जन्मणारा तायवो, तो जग कसं आहे ते चाखायला पुढे येतो. मागून येणारा केहिंदे, आणि मागून आला तरी मोठा तोच, कारण त्याने धाकट्याला पुढे पाठवलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे यातला कोण आहे? मला सांगता आलं नाही. कुठल्या गावची आहे? माहीत नव्हतं. कुणी कोरली? तेही मी विचारलं नव्हतं.

त्यांनी ओलोवेचं नाव घेतलं. इसे गावचा ओलोवे, १९३८ साली वारला. राजवाड्यांची दारं आणि खांब कोरणारा. त्याचं एक दार लंडनला गेलं. त्या गृहस्थांचं म्हणणं असं की आफ्रिकेतल्या कोरीव कामाखाली पाटीवर नाव नसतं, ते कोरणाऱ्याला नाव नसतं म्हणून नव्हे, नेणारे विचारत नाहीत म्हणून. गावात सगळ्यांना माहीत असतं की ही कुणाच्या हातची. हे ऐकताना मला आमच्या गावचा सुतार आठवला. त्याच्या वाकसाचा घाव कुठला आणि त्याच्या भावाचा कुठला, हे नांगराच्या दांडीवरून आमची माणसं ओळखायची. इबेजीसुद्धा वाकसासारख्याच हत्याराने घडते. आधी ओबडधोबड ठोकळा, त्यात डोकं, धड, पाय असे तीन भाग, मग हळूहळू बारकावे, आणि चाकूचं काम अगदी शेवटी.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि मी नंतर जे केलं ते ही गोष्ट माहीत असताना केलं. नायजेरियात १९७९च्या कायद्याप्रमाणे जुन्या वस्तू संग्रहालय आयोगाच्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. मी परवाना काढायला गेलो नाही. गेलो असतो तर कदाचित ठेवून घेतली असती, ही भीती. करार संपल्यावर मी ती दोन बनियनांत गुंडाळली, बॅगेच्या तळाशी घातली आणि विमानतळावर विचारलं तेव्हा फक्त कपडे आहेत म्हणालो. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. सोबतचे सगळेच नेत होते, हे खरं आहे, पण त्यांच्या बॅगेत बाजारासाठी केलेले हत्ती होते आणि मला फरक सांगितला गेला होता.

घरी आल्यावर मूर्ती टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये ठेवली. आईने विचारलं, कुठला देव आणलास? मी म्हटलं, देव नाही, तिकडच्या आदिवासींची बाहुली आहे. असं म्हणालो, ही आणखी एक चूक; लागोससारख्या शहरात राहून आलेल्या माणसाला योरुबा कोण हे माहीत होतं. मग मी खरी हकिगत सांगितली. जुळं, गेलेलं मूल, न्हाऊ घालणं.

आईने ती हातात घेतली. कवड्यांवरून बोट फिरवलं. आमच्याकडे कवडी भवानीची. भुत्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. मालदीवच्या समुद्रातल्या या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेला जायच्या आणि तिथे पैसा म्हणून चालायच्या, हे मी वाचलं होतं, ते तिला सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "ह्याच्या जोडीचं कुठं हाय?" मी म्हटलं, तिकडेच राहिलं. मग तिने नखाने वार्निश खरवडून पाहिलं आणि विचारलं, "आणि ह्ये काय फासलंस?"

आमच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. खंडोबाचा, भवानीचा, आणि घरातल्या गेलेल्या माणसाचा, वीराचा. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडा आणि स्वार. शेकडो वेळा चिंचेने, राखेने घासून घोड्याचे पाय नाहीसे झालेले, स्वाराचं तोंड गेलेलं. आई दर सणाला ते टाक न्हाऊ घालायची, आणि नवे करून घेऊ या असं मी म्हटलं की तिला राग यायचा. तिच्या हातात ती मूर्ती आली तेव्हा तिला समजावून सांगावं असं काही नव्हतंच. मला सांगावं लागलं, मुद्दाम एका संग्रहालयात जाऊन. तिने मूर्ती शोकेसमधून काढली आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. पूजा केली नाही, ते तिच्या घराण्यातलं नव्हतं. पण दिवा लावताना एकदा तिकडे बघायची.

इथवर कळल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा होता. मी झालो नाही. पुढची चूक परदेशातली नाही, सिद्धगडाच्या पायथ्याकडची आहे.

आमच्या गावापासून डोंगराकडे चढलं की एक ठाकरवाडी लागते. वाडीच्या शिवेवर, आईनाच्या झाडाखाली, सागाच्या जाड फळीचा वाघोबा होता. कमरेइतका उंच, वरच्या टोकाला चंद्र-सूर्य, खाली वाघ, आणि सगळ्यावर शेंदराचं बोटभर जाडीचं कवच. ठाणे, पालघर, मुंबई उपनगर या पट्ट्यात अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वारल्यांच्या वाघोबाच्या अभ्यासात १५०च्या घरात देवस्थानं नोंदलेली आहेत. कुठे दगड, कुठे लाकूड. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागतात, वाघोबापाशी खीर शिजते, नारळ फुटतो. बिबट्या आजही या जंगलात आहे, आणि जनावरं राखणाऱ्या माणसाला त्याच्याशी हिशेब ठेवावाच लागतो.

निवृत्तीनंतर मी वाडीत शाळेच्या कामासाठी जात असे. चार पैसे गाठीला होते, माणसं मान द्यायची. वाघोबा उघड्यावर आहे, पावसात कुजतो आहे, असं मला वाटलं. मी म्हटलं, चौथरा मी बांधून देतो. वाडीतले आनंदाने हो म्हणाले. का म्हणणार नाहीत? त्यानंतरचं सगळं माझ्या डोक्यातून निघालं. चौथऱ्याआधी शेंदराचं कवच काढू, म्हणजे खालचा वाघ दिसेल. मी स्वतः पटाशी घेऊन बसलो. खपल्या उडाल्या, थराखाली थर, आणि आतून खरोखर फार देखणा वाघ निघाला. पाठीवर वाकसाचे तिरपे घाव घालून काढलेले पट्टे, शेपूट पाठीवर वळलेली, पायाखाली एक नाग. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून ओळखीच्यांना पाठवले. मग फळी जपावी म्हणून तिच्यावर ऑइलपेंट दिला, पिवळा आणि काळा, आणि बुंधा सिमेंटच्या चौथऱ्यात पक्का बसवून घेतला.

वाडीचा भगत त्या वेळी आजारी होता. बरा होऊन आला तेव्हा त्याने बघितलं आणि काही बोलला नाही. वाघबारशीला त्याने नेहमीप्रमाणे तेलात शेंदूर कालवला आणि वाघाच्या कपाळाला लावला. ऑइलपेंटवर तो बसेना. तेल ओघळायचं, बरोबर शेंदूर खाली यायचा. तो पुन्हा लावायचा, पुन्हा ओघळायचा. पोरं, बाया सगळे उभे. शेवटी त्याने चौथऱ्याच्या कडेला, उघड्या सिमेंटवर बोटं पुसली आणि तिथेच नारळ फोडला.

दोन-तीन पावसाळ्यांत फळी गेली. मातीत रोवलेला खांब ओला होतो तसा वाळतोही. कुजला तरी सावकाश कुजतो, आणि तो कुजेपर्यंत माणसं दुसरा घडवतात, जुना शेजारी झाडाला टेकवून ठेवतात. ही तिथली रीत होती, मी ती विचारली नाही. सिमेंटच्या गळपट्ट्यात पावसाचं पाणी उतरलं आणि तिथेच राहिलं. रंगाने वरून तोंड बंद केलं, आतली ओल बाहेर पडायला वाट उरली नाही. चौथऱ्याच्या रेषेवर लाकूड आतून भुसभुशीत झालं. वरून पिवळा वाघ नवा दिसत होता आणि एका सकाळी तो आडवा पडलेला सापडला. शेंदराचा जो थर मी मळ म्हणून उडवला, त्यातल्या तेलाने ती फळी इतकी वर्षं धरून ठेवली होती.

वाडीने मला दोष दिला नाही. मी दिलेले पैसे आणि शाळेसाठी केलेली धावपळ त्यांच्या लक्षात होती, आणि त्यामुळेच ते बोलू शकले नाहीत, हे मला जास्त लागलं. पैसे देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. लागोसच्या त्या व्यापाऱ्यालाही म्हणता आलं नव्हतं.

नवा वाघोबा वाडीनेच केला. वादळात उन्मळून पडलेल्या सागाचं लाकूड, वनखात्याची परवानगी काढून. या वेळी मी फक्त परवानगीच्या कागदांसाठी मुरबाडला हेलपाटे घातले. कोरणारा भगताचा नातेवाईक, रोजंदारीवर सुतारकाम करणारा तरुण. त्याने माझ्या फोटोंवरून वाघ काढावा असं मला वाटत होतं, मी ते बोललो नाही. त्याचा वाघ जुन्यासारखा नाही. तोंड रुंद आहे आणि पट्टे आडवे. मातीत रोवला, तेलशेंदूर लागला, आता खालचं कोरीव काम फारसं दिसतही नाही. त्याचं नाव, गाव आणि तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे.

मूर्तीचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. मुंबईत जतनाचं काम करणाऱ्या एका बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, वार्निश विरघळवता येईल, पण ओसुनचा जो थोडा अंश उरला आहे तो आता त्या वार्निशमध्येच धरला गेलाय, तोही निघेल. त्यांनी भिंगातून केसांची एक खाच दाखवली. टाचणी पोचली नव्हती अशा कोपऱ्यात निळा ठिपका अजून आहे.

गेल्या काही वर्षांत नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्याच्या वस्तूंच्या बातम्या येतात. १८९७ साली ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला, हजारो पितळी आणि हस्तिदंती वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. जर्मनीने २०२२च्या डिसेंबरात त्यातल्या २० परत दिल्या, नेदरलँड्सने २०२५ साली ११९. त्या लुटीशी माझ्या मूर्तीची बरोबरी होत नाही. माझी विकत घेतलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत नव्या धर्मात गेलेल्या अनेक घरांनी आपणहून इबेजी व्यापाऱ्यांना दिल्या, कुणी तिच्या जागी प्लास्टिकची बाहुली ठेवली, कुणी राहिलेल्या पोराचाच फोटो दोनदा छापून घेतला. पण परवान्याशिवाय देशाबाहेर काढलेली आहे, आणि ती मी काढली आहे.

म्हणून दिल्लीतल्या नायजेरियाच्या उच्चायुक्तालयाला पत्र लिहिलं. मूर्तीची उंची, फोटो, गालावरच्या खुणांची रेखाटनं, कवड्यांची संख्या, सगळं जोडलं. साबण, टाचणी आणि वार्निश यांचाही उल्लेख केला, कारण पाहणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं. परवाना नव्हता हेही लिहिलं. मूळ ठिकाण लिहायची वेळ आली तेव्हा मात्र 'लागोस, इकेजा, फिरत्या व्यापाऱ्याकडून' यापलीकडे माझ्याकडे शब्द नव्हते. गालावरच्या खुणांवरून तिकडचे जाणकार कूळ आणि गाव सांगू शकतात, असं त्या ओनिकानच्या गृहस्थांनी म्हटलं होतं. तेवढ्या भरवशावर रेखाटनं शक्य तितकी नीट केली आहेत. दोरा कापलेल्या जोडीतली ही एक आहे, तसंच दुसरी एखाद्या संग्रहात असल्यास तिच्या कमरेलाही कापलेल्या दोऱ्यात ओवलेल्या अशाच कवड्या असतील, असं पत्राच्या शेवटी वेगळ्या परिच्छेदात नोंदवलं आहे.